फोन खिशात ठेवा, मग ठरवा: सायकल कॉम्प्युटर घ्यावा का?

एका नवख्या सायकलवाल्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलुंडला घर, ऐरोलीला ऑफिस, आठवड्यातून तीन दिवस सायकलने जाणं-येणं. हायब्रिड सायकल, ७०० बाय ३२ चे, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर. येत्या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायचा बेत. फोन अँड्रॉइड, तीन वर्षं जुना. खर्चाची तयारी पंधरा हजारांपर्यंत. ग्रुपमधले निम्मे म्हणतात ‘गार्मिन घेऊन टाक’, म्हणजे हँडलबारवर बसणारा, वेग-अंतर-मार्ग दाखवणारा त्या कंपनीचा सायकल कॉम्प्युटर; बाकीचे म्हणतात ‘फोन असताना आणखी एक डबडं कशाला?’ तर काय करावं?

मी ठाण्याचा. २०१२ पासून लांबच्या राइड करतोय आणि गेली सहा-सात वर्षं ओळखीतल्या नवख्यांच्या सायकली पहिल्या बीआरएमसाठी तयार करून देतो. हा प्रश्न दर हिवाळ्याच्या तोंडाशी येतो, आणि बहुतेक वेळा ‘अचूक कोणतं?’ असाच विचारला जातो. अचूकतेवर बोलूच, पण खरी अडचण तिथे नाही.

सायकलवर आपण यंत्राला दोन कामं सांगतो. एक, राइडची नोंद ठेव. दोन, राइड चालू असताना मला काहीतरी दाखव. नोंद ठेवण्याचं काम तुमचा जुना फोनसुद्धा झकास करतो, तेही खिशात बसून, स्क्रीन बंद ठेवून. दाखवण्याच्या कामात मात्र तो मार खातो. मुंबईच्या उन्हात, पावसात आणि खड्ड्यांत तर फारच. शिवाय फोनची एक तिसरी नोकरी आहे, ती हिशेबात कोणी धरत नाही. टपरीवर चहाचे पैसे देणं, घरी फोन करणं, पंक्चर निघत नसेल तर टेम्पो बोलावणं, हे सगळं त्याच बॅटरीवर चालतं.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ३०० च्या राइडला फोन हँडलबारवर लावला होता, नकाशा दिवसभर चालू. चारोटीच्या आसपास अंधार पडला तेव्हा चार टक्के उरले होते. पॉवरबँक होती, पण दुपारच्या सरीत चार्जिंगचं भोक ओलं झालेलं आणि फोन ‘ओलावा आहे’ म्हणून चार्ज व्हायलाच तयार नाही. थोड्या वेळात तो बंद पडला. खिशात रोख तीस रुपये. एका ढाबेवाल्याने उधारीवर डाळखिचडी दिली म्हणून निभावलं. आता यूपीआयच्या दिवसांत खिशात तीस रुपये तरी असतात का लोकांच्या, हाच प्रश्न आहे. राइड अडली नाही, वेळेत पूर्णही झाली. पण त्या दिवसापासून लांबच्या राइडला माझा फोन हँडलबारवर चढलेला नाही.

आधी स्क्रीनचं बोलू. फोनचा पडदा स्वतःच्या उजेडावर चालतो. सकाळी साडेदहाला पाम बीच रोडवर ऊन समोरून आलं की तो पूर्ण ब्राइटनेसवरसुद्धा फिका दिसतो. मग गंमत अशी की पूर्ण ब्राइटनेसमुळे फोन तापतो, आणि तापला की स्वतःहून ब्राइटनेस उतरवतो. अॅपल आयफोनसाठी वापराचं कमाल तापमान ३५ अंश सांगते, आणि ते आजूबाजूच्या हवेचं. एप्रिलमध्ये डांबरी रस्त्यावर, उन्हात, काळ्या कव्हरमध्ये फोनचं काय होत असेल याचा अंदाज करा. सायकल कॉम्प्युटरपैकी बऱ्याच जणांचा पडदा उलट्या तत्त्वावर चालतो. बाहेरचा प्रकाश परावर्तित करून तो दिसतो, म्हणून जितकं ऊन जास्त तितका तो स्पष्ट. रंग फिके असतात, दुकानात बघितलं तर फोनसमोर अगदीच गरीब वाटतो. दुकानात बघू नका.

पावसाची गोष्ट याहून सरळ. फोनच्या टचस्क्रीनला थेंब आणि बोट यातला फरक नीट कळत नाही. जुलैतल्या सरीत नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, मध्येच राइड ‘पॉज’ होते. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवला तर आतून वाफ धरते. म्हणून कॉम्प्युटर घ्यायचाच झाला तर मी टचस्क्रीनऐवजी बटणांचा घ्यायला सांगतो. ओल्या हातमोज्यांनीसुद्धा बटण दाबलं जातं. कॉम्प्युटरवर ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा आहे; चार महिने खारा घाम, समुद्राची हवा आणि चिखल सोसेल असा नाही. राइडनंतर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसलंय का बघा. माझ्याकडे आलेली निम्मी मेलेली यंत्रं पावसाने नाही, त्या झाकणाच्या आळसाने मेली होती.

खड्डे आणि पेव्हर ब्लॉक. २०२१ मध्ये अॅपलनेच सूचना काढली होती की मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथराटाने आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ती सूचना सायकलबद्दल नव्हती आणि सायकलची थरथर त्या जातीची नसतेही. पण घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यात माझ्या मित्राचा फोन माउंटमधून उडून मागच्या डंपरखाली गेलेला मी पाहिलाय. दोनशे ग्रॅमचा फोन आणि पाऊणशे ग्रॅमचा कॉम्प्युटर यांना लागणारा झटका वेगळा असतो. सिग्नलला उभं असताना हँडलबारवरचा फोन ही कोणाच्याही हाताच्या टप्प्यातली वस्तू असते, हेही लक्षात असू द्या. कॉम्प्युटरसुद्धा चोरीला जातो, पण तो बहुधा टपरीवर, आपण वडापाव खाताना. वेलक्रोने सायकलला बांधायची दोरी सोबत येते. ती बांधा, आणि थांबलात की काढून खिशात टाका.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी कॉम्प्युटरच्या बाजूने आहे. थांबा.

तुमच्या रोजच्या मुलुंड-ऐरोली प्रवासाला कॉम्प्युटरची काहीच गरज नाही. रस्ता पाठ आहे, अंतर ठरलेलं आहे, फोन खिशात राहून सगळी नोंद ठेवतो. फक्त एक सेटिंग बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची यंत्रणा मागे चाललेलं अॅप गुपचूप झोपवते. मग नकाशावर तुम्ही ऐरोली पूल सोडून सरळ खाडीतून, फ्लेमिंगोंच्या थव्यातून सायकल हाकल्यासारखी एक रेघ उमटते. लोक याला ‘जीपीएस खराब’ म्हणतात. जीपीएस ठणठणीत असतं, अॅप झोपलेलं असतं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा आणि स्क्रीन बंद असतानाही लोकेशन वापरायची परवानगी द्या. नवीन यंत्र घ्यायला निघालेल्या तिघांचा प्रश्न मी असा फुकटात सोडवलाय. स्क्रीन बंद ठेवून नोंद केली तर माझा फोन तासाला पाच-सात टक्के खातो. जुन्या बॅटरीचा जरा जास्त धरा.

आता अचूकता. मोकळ्या आकाशाखाली आजचा बरा फोन आणि कॉम्प्युटर यांच्या जागेच्या नोंदीत सायकलवाल्याला जाणवेल असा फरक नाही. दोघंही काही मीटर इकडेतिकडे. गडबड होते ती उंच इमारतींमध्ये आणि पुलांखाली. लोअर परळला टॉवरवर आपटून आलेला सिग्नल दोघांनाही फसवतो. एलबीएस रोडवर मेट्रोच्या बांधकामाखालून जाताना दोघंही चाचपडतात. यावर उपाय महागडा जीपीएस नाही, चाकाच्या हबवर बसणारा वेगाचा सेन्सर आहे. तो चाकाचे फेरे मोजतो, त्याला आकाशाशी देणंघेणं नसतं. पण मग चाकाचा घेर बरोबर भरायला हवा. ७०० बाय ३२ ला साधारण २१५५ मिलिमीटर धरतात, ७०० बाय २५ ला २१०५. चुकून २५ चा आकडा राहिला तर तुमचे खरे २०० किलोमीटर पडद्यावर १९५ च्या जरा वर दिसतील आणि शेवटच्या कंट्रोलआधी (बीआरएममधलं वाटेतलं हजेरीचं ठिकाण) ‘अजून एवढं अंतर बाकी कसं’ म्हणून उगाच जीव घाबरा होईल. टायरवर खडूची खूण करा, सीटवर बसून सायकल एक फेरा पुढे घ्या, टेपने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

उंचीच्या बाबतीत खरा फरक पडतो, आणि मला हा भाग आवडतो म्हणून जरा रेंगाळतो. चांगल्या कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून तो चढ मोजतो. बऱ्याच फोनमध्ये हा सेन्सर नसतो. अशा वेळी राइड अपलोड झाल्यावर स्ट्राव्हा हे राइडची नोंद ठेवणारं अॅप नकाशातल्या उंचीवरून चढ काढतं. सपाट मुंबईत चालून जातं. पण कसाऱ्याच्या घाटात रस्ता कड्याला चिकटून जातो, तिथे जागा दहा मीटर बाजूला नोंदली गेली की उंची तीस मीटरने उडी मारते आणि तुम्ही न चढलेले चढ हिशेबात येतात. दाबाचा सेन्सर निर्दोष आहे असंही नाही. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली असतो. दोन्हींत तीनेक हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो, म्हणजे सायकल भिंतीला टेकवून ठेवली तरी दुपारपर्यंत ती पंचवीसेक मीटर ‘चढते’. पावसात सेन्सरच्या बारीक भोकात थेंब अडकला तर आकडे अजूनच वेडेवाकडे होतात. त्यामुळे खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटाने खंडाळ्याला पोहोचलेले दोन मित्र एकाचा चढ ४८० आणि दुसऱ्याचा ५३० म्हणून भांडत असतील तर दोघांनाही चहा पाजा.

हार्ट रेट, कॅडन्स (मिनिटाला पायडलचे किती फेरे), पॉवर (पायांनी लावलेला जोर) हे बघायचं असेल तर गणित बदलतं. २०१९ च्या ऑक्टोबरात स्ट्राव्हाने आपल्या फोन अॅपला सेन्सर थेट जोडायची सोय काढून टाकली. पुढच्या वर्षी ती आली, पण हार्ट रेटपुरती. कॅडन्स फोनवरच हवा असेल तर राइड विथ जीपीएससारखं दुसरं अॅप वापरावं लागतं. सायकल कॉम्प्युटर ब्लूटूथ आणि अँट प्लस (सेन्सर जोडायची दुसरी बिनतारी पद्धत) दोन्ही भाषा बोलतात. आयफोनला अँट प्लस येतच नाही. इथे एक फजिती नेहमी होते. बरेच सेन्सर ब्लूटूथवर एका वेळी एकालाच भेटतात. खिशातल्या फोनने सकाळी तो पकडून ठेवला की कॉम्प्युटर राइडभर ‘सेन्सर शोधतोय’ म्हणत राहतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. कॉम्प्युटर असेल तर सेन्सर त्यालाच जोडा, फोनमधून काढून टाका.

तुम्ही पॉवरबद्दल काही विचारलेलं नाही, ते चांगलंच आहे. पहिल्या २०० ला पॉवर मीटर म्हणजे पहिल्या पावसाला होडी.

मग २०० ला नेमकं काय बघायला लागतं? १३ तास ३० मिनिटांत २०० किलोमीटर. भागाकार केलात तर ताशी १४.८ येतात, आणि हे सगळे थांबे धरून. सिग्नल, नाश्ता, पंक्चर, घाम पुसणं, सगळं. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. वेग तोच, पंधराच्या आसपास. नवखे लोक मात्र चालता वेग बघतात, कारण यंत्रात ‘ऑटो पॉज’ चालू असतो, म्हणजे सायकल थांबली की वेळ मोजणंही थांबतं. पडद्यावर सरासरी २२ दिसते, माणूस खुशीत ढाब्यावर पाऊण तास बसतो. घड्याळ तिकडे चालूच असतं. माझ्या पडद्यावर चारच आकडे असतात: आतापर्यंतचं अंतर, निघाल्यापासूनचा एकूण वेळ, चालू वेग, आणि भिंतीवरचं घड्याळ सांगतं ती वेळ. ऑटो पॉज बंद. हे चार आकडे हजार रुपयांच्या आतला, पुढच्या चाकाच्या काट्याला (फोर्कला) चुंबकाचा सेन्सर असलेला वायरवाला मीटरही जवळपास दाखवतो. फक्त एकूण वेळ मनगटावरच्या घड्याळावरून काढावा लागतो.

रस्ता दाखवण्याचं काय, असं विचाराल. हायवेवरच्या २०० ला वळणं मोजकी असतात. कागदावर लिहून स्टेमला (हँडलबार धरणाऱ्या दांड्याला) टेपने चिकटवली तरी भागतं. शहरातून बाहेर पडताना मात्र सावध राहा. फोनचा नकाशा गाडीच्या मोडवर असेल तर तो तुम्हाला बिनदिक्कत ईस्टर्न फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड किंवा अटल सेतूवर चढवेल, आणि तिथे सायकलला बंदी आहे. पुण्याकडे निघालात तर एक्सप्रेसवेचंही तेच. स्वस्त कॉम्प्युटर बहुधा नकाशा दाखवत नाहीत, कोऱ्या पडद्यावर तुमच्या मार्गाची रेघ तेवढी दाखवतात. रेघ पुरते. चुकलात की रेघ सोडल्याचं लगेच कळतं, मग फोन काढून बघायचं. जव्हार किंवा माळशेजकडे जाणार असाल तर नकाशा आधीच उतरवून ठेवा, मधल्या पट्ट्यांत नेटवर्क गायब होतं.

बॅटरी हा कॉम्प्युटरचा खरा हुकमी एक्का. कंपन्यांचे दावे असे: वाहू एलिमेंट बोल्टची दुसरी आवृत्ती १५ तास, गार्मिन एज ५३० ला २०, एज ५४० ला २६. प्रत्यक्षात थोडं कमी धरलं तरी २०० च्या राइडला चार्जर लागत नाही. मात्र कॉम्प्युटर घेतला म्हणजे फोन घरी ठेवता येतो अशा भ्रमात राहू नका. पडल्यावर घरच्यांना मेसेज जाणं, घरी बसून तुम्ही कुठे आहात ते बघता येणं, या सोयी बहुतेक कॉम्प्युटरमध्ये खिशातल्या फोनच्या नेटवरच चालतात.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. आत्ता लगेच काही घेऊ नका. तीन आठवडे फोन खिशात ठेवून चालवा, त्यात एखादी ६०-७० किलोमीटरची रविवारची राइड असू द्या. वाटेत किती वेळा फोन काढून बघावासा वाटला आणि काय बघायला, ते घरी आल्यावर लिहा. ‘किती झाले, किती वाजले’ एवढंच असेल तर वायरवाला मीटर घ्या. ‘कुठे वळायचं’ किंवा ‘हार्ट रेट फार वर जातोय का’ हे वारंवार येत असेल तर पाच ते आठ हजारांतला बटणवाला जीपीएस कॉम्प्युटर घ्या. या किमतीत आयजीपीस्पोर्ट आणि ब्रायटनची बरी मॉडेलं मिळतात, रेघ दाखवतात, सेन्सर घेतात. तीस हजारांच्या पुढचं यंत्र तुमच्या बजेटमध्ये तसंही नाही, आणि ते ६०० ला नकाशासकट रात्र काढणाऱ्यांसाठी असतं. उरलेल्या पैशांत चांगला पुढचा आणि मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि दहा हजार एमएएचची पॉवरबँक घ्या. दिवसाच्या २०० लाही शेवटचे दोन तास अंधारात जाऊ शकतात, आणि बीआरएमला अंधारात दिवे आणि जॅकेटशिवाय चालत नाही.

ज्यांना आकडा दिसला की त्याच्यामागे पळावंसं वाटतं, अशी माणसं मी बरीच पाहिली आहेत. माझी बायको त्यातली. ती तिचा कॉम्प्युटर जर्सीच्या मागच्या खिशात ठेवते, घरी आल्यावर बघते. तुम्ही त्या जातीचे असाल तर वरचा निम्मा सल्ला तुम्हाला लागू नाही, फोनच पुरे.

आणि खरेदीआधी एक करा: टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा वाकून वाचा. हायब्रिडवर ३२ समजून ३५ चे टायर चालवणारे बरेच भेटतात. ३५ निघाले तर २१५५ च्या जागी २१६८ भरा.